वारंवार बदलण्याची शिस्त

बेंगळूरच्या उत्तर वेशीवरील येलहंका हे केंपेगौडांच्या घराण्याचे मूळ ठाणे होय. याच घराण्यातील पहिल्या केंपेगौडाने 1537 च्या सुमारास बेंगळूरचा कोट उभारला आणि शतकभराने, 1638 मध्ये, विजापूरकरांच्या फौजेने तो हस्तगत केल्यावर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत दाखल झाला, हा इतिहास मराठी वाचकास सर्वस्वी अपरिचित नाही. आजच्या येलहंक्याची ओळख मात्र निराळी आहे. एका बाजूस रेल्वेची चाके ओतणारा आणि आस घडविणारा, 1984 पासून चालू असलेला सरकारी कारखाना. दुसऱ्या बाजूस वायुदलाचा तळ, जेथे 1996 पासून एअरो इंडिया हे विमानांचे प्रदर्शन भरत आले आहे. आणि न्यू टाऊनपासून डोड्डबळ्ळापूर रस्त्याकडे पसरत गेलेल्या सदनिकांतून राहणारा सॉफ्टवेअर-व्यावसायिकांचा वर्ग, ज्यात पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर इकडून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबेही आहेत. या घरांतून गावाकडील आईवडील चार महिने राहावयास आले, की सकाळच्या प्रहरी ‘स्टँड-अप’, ‘स्प्रिंट’, ‘बॅकलॉग’ असे शब्द त्यांच्या कानी पडू लागतात आणि ‘आमच्याकडे अ‍ॅजाइल आहे ना,’ हे वाक्य मुलाच्या वा सुनेच्या तोंडून कधी अभिमानाने, तर कधी सबबीदाखल ऐकू येते.

हे अ‍ॅजाइल प्रकरण आहे तरी काय, हे समजून घेण्यासाठी येलहंक्याच्या चाकांच्या कारखान्यात क्षणभर डोकावणे उपयोगाचे ठरेल. तेथे भंगार पोलाद विजेच्या भट्टीत वितळवून तो रस दाबाने ग्राफाइटच्या साच्यात चढविला जातो. थंड झालेले चाक उष्णतेच्या संस्कारांतून आणि पुढे श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या व चुंबकीय तपासणीतून सुखरूप बाहेर पडले, तरच ते डब्याखाली बसविण्यास लायक ठरते. चाकाचा व्यास, कडेची जाडी, पोलादातील कर्बाचे प्रमाण या गोष्टी रस ओतण्यापूर्वी मुकरर कराव्या लागतात, कारण गाडी धावू लागल्यावर ‘चाक थोडे रुंद असते तर बरे झाले असते’ असे ध्यानात आले, तर त्या ज्ञानाचा त्या चाकास काडीमात्र उपयोग नसतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते लोकांच्या हाती पडल्यावरही बदलता येते. किंबहुना लोकांच्या हाती पडेपर्यंत ते नेमके कसे असावयास हवे होते, हे बहुधा त्याच्या कर्त्यांस आणि मागणाऱ्यांसही ठाऊक नसते. हाती घेतलेली कल्पना चुकीची असल्यास ती चूक लवकर उघडकीस यावी आणि स्वस्तात निस्तरता यावी, एवढ्यासाठी बांधलेली कामाची जी व्यवस्था, तिचे नाव अ‍ॅजाइल. तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच मुळातून फुटलेले आहेत: बदलण्याची सोय म्हणजे बदलण्याची मोकळीक, असा समज करून घेतला जातो आणि ती सोय टिकवून धरण्यास लागणारी शिस्त विसरली जाते.

जुन्या वाटेचे मोल आणि तोटे

संगणकाच्या पहिल्या दोनतीन दशकांत सॉफ्टवेअरची कामे इमारतीच्या वा पुलाच्या कामासारखी काढली जात: प्रथम मागण्यांची यादी, मग आराखडा, मग लेखन, मग तपासणी आणि अखेरीस ताबा. ही कामे हटकून लांबत, अंदाजपत्रक ओलांडीत, आणि पुष्कळदा हाती आलेली वस्तू मागणाऱ्याच्या कामी येत नसे. 1968 मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या आश्रयाखाली भरलेल्या परिषदेत या दुरवस्थेची उघड चर्चा झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने आपल्या एका निबंधात ही पायऱ्यापायऱ्यांची पद्धत चित्रात मांडली आणि तीत तपासणी अगदी शेवटी येत असल्याने ती धोक्याची आहे, एकदा काम करून पाहून मग ते दुसऱ्यांदा नीट करावे, असा इशाराही दिला. दैवदुर्विलास असा, की चित्र जगभर गेले आणि इशारा निबंधातच राहिला. 1985 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने काढलेल्या एका मानकामुळे तर त्या चित्रास सरकारी शिरस्त्याचे रूप आले. पुढे हीच पद्धत वॉटरफॉल या नावाने प्रसिद्ध झाली.

ती टिकली याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. पैसे मोजणाऱ्याच्या दृष्टीने ती सोयीची आहे. निविदा काढता येते, करारनाम्यास परिशिष्टे जोडता येतात, मुदत आणि हप्ते ठरविता येतात आणि तंटा उद्भवल्यास कोणत्या कलमावर बोट ठेवावयाचे हे ठाऊक असते. बेंगळूरचा सॉफ्टवेअर-धंदा परदेशी ग्राहकांच्या विश्वासावर वाढला तो अशाच काटेकोर कार्यपद्धतीच्या बळावर. मोटोरोलाच्या येथील शाखेस 1993 मध्ये कार्यपद्धतीच्या परिपक्वतेची पाचवी, म्हणजे सर्वोच्च, पायरी मिळाली तेव्हा ते यश जगात मोजक्यांच्याच वाट्यास आलेले होते. परंतु या व्यवस्थेत विचार अमेरिकेत, लेखन बेंगळुरात आणि तपासणी तिसऱ्याच ठिकाणी अशी फाळणी होऊन बसली. लिहिणाऱ्यास वापरणारा दिसेना आणि वापरणाऱ्याची तक्रार लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचेतो महिने लोटू लागले.

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा प्रांतात स्नोबर्ड नावाच्या हिवाळी विहारस्थळी सतरा अनुभवी मंडळी जमली. त्यांच्यापैकी केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी स्क्रम ही पद्धत 1995 मध्येच मांडली होती. केंट बेक यांनी क्रायस्लर या मोटार-कंपनीच्या पगारपत्रकाच्या कामावर एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचे धडे गिरविले होते. वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर आदी इतरांच्याही आपापल्या वाटा होत्या. या सर्वांनी मिळून जो छोटा जाहीरनामा काढला, त्याचा आशय असा: कार्यपद्धती आणि साधने यांहून माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद, बाडांहून चालते सॉफ्टवेअर, कराराच्या वाटाघाटींहून ग्राहकाचे सहकार्य, आणि ठरल्या योजनेस चिकटून राहण्याहून बदलास दिलेला प्रतिसाद यांस आम्ही अधिक मोल देतो, मात्र पहिल्या गोष्टींनाही मोल आहेच. हे शेवटचे पुस्तीवजा वाक्य वगळून जो जाहीरनामा लोकांनी पाठ केला, त्यानेच पुढील घोटाळ्यांची बीजे पेरली.

बेंगळुरातील एक प्रयोग

त्याच 2001 साली थॉटवर्क्स या अमेरिकन कंपनीने बेंगळुरात आपली शाखा उघडली. माणसांनी एका खोलीत, शक्यतो ग्राहकास शेजारी बसवून काम करावे, असे सांगणारी ही पद्धत. येथे मात्र ग्राहक सातासमुद्रापलीकडे आणि घड्याळात दहा-बारा तासांचे अंतर, म्हणजे हा प्रयोग अंगलट येण्याचीच शक्यता अधिक होती. फाउलर हे याच कंपनीत होते, आणि या अनुभवावर त्यांनी जो सविस्तर लेख लिहिला तो आजही वाचण्याजोगा आहे, कारण त्यात जाहीरनाम्याचे गोडवे नसून व्यवहारात आलेल्या अडचणींचा जमाखर्च आहे.

त्यांचे निष्कर्ष साधे होते. दोन्ही शाखांतील माणसे काही काळ एकमेकांकडे जाऊन राहिली पाहिजेत. ही माणसे केवळ कामाचे निरोप नेत नाहीत, तर कोण कशाने चिडतो आणि कोणाच्या ‘बघतो’चा अर्थ नकार असतो, हेही कळवितात. वरिष्ठाच्या मताविरुद्ध बोलू नये, अडचण सांगणे म्हणजे कमीपणा घेणे, अशा संस्कारात वाढलेल्या तरुणांकडून मोकळा प्रश्न येण्यास वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा लागतो. कामाची वाटणी विचार, लेखन, तपासणी अशी न करता कार्यानुसार करावी, म्हणजे एका गटाने एक सुविधा आरंभापासून अखेरपर्यंत सांभाळावी. प्रत्येकाचे लेखन एका सामायिक संचात सतत मिसळून तपासले जावे, नाहीतर अखेरच्या आठवड्यात ते जुळविताना नाकी नऊ येतात. आणि अंतर वाढले की लेखी मजकूर अधिक लागतो, कमी नव्हे. अ‍ॅजाइलच्या एका पुरस्कर्त्यानेच हे नमूद करावे, ही गोष्ट ‘अ‍ॅजाइलमध्ये लिहून ठेवायचे नसते’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानी घेण्यासारखी आहे.

पिग्मीची एक गल्ली

आता हे सारे एका उदाहरणात पाहू. उडुपीच्या एका बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपास आली, 1928 मध्ये पिग्मी ठेवीची योजना काढली आणि रोज चार आणे-आठ आणे दारावर येऊन गोळा करणारा पिग्मी एजंट कर्नाटकाप्रमाणेच आपल्याकडील पतसंस्थांच्याही अंगवळणी पडला. समजा, बेळगाव वा सांगलीकडील एखाद्या पतसंस्थेस या ठेवींचा भरणा मोबाइलवर नोंदवून घ्यावयाचा आहे आणि ते काम येलहंक्यात राहणाऱ्या पाच-सहा जणांच्या गटाने अंगावर घेतले आहे.

जुन्या वाटेने जावयाचे, तर संचालक मंडळाच्या चार बैठका होतील, मागण्यांचे दोनशे पानी टिपण तयार होईल, त्यात भागभांडवल, कर्जे, व्याज, लाभांश, लेखापरीक्षणाचे तक्ते सारे येईल आणि वर्षभराने परिपूर्ण वस्तू एजंटाच्या हाती पडेल. तो ती घेऊन भाजी मंडईत शिरला, की पहिल्या तासाभरातच कळेल की तळघरातील गाळ्यांत नेटवर्क येत नाही. एका हातात पिशवी असल्याने सारा कारभार एका अंगठ्याने उरकावा लागतो. एकाच आडनावाचे आणि नावाचे तीन खातेदार एका ओळीत बसतात. आणि भाजीवालीला पडद्यावरील हिरवी खूण नको असून हातात चिठ्ठी हवी असते. दोनशे पानांत यांतील एकही ओळ नसते, कारण बैठकीस बसलेल्यांपैकी कोणी मंडईत फिरलेले नसते.

अ‍ॅजाइल गट प्रथम एवढेच पत्करील: एक एजंट, एक गल्ली, खाते शोधणे आणि रक्कम नोंदवून चिठ्ठी देणे. बाकी सारे जुन्या वहीतच राहील. मात्र हा तुकडा लहान असला तरी अर्धवट असता कामा नये. एजंटाच्या अंगठ्यापासून संस्थेच्या खतावणीपर्यंत नोंद खरोखर पोहोचली पाहिजे. नुसते पडदे रंगवून दाखविणे, अथवा तीन महिने केवळ माहितीसाठ्याची रचना करीत बसणे, हा तुकडा नव्हे, कारण त्यातून एजंटास वापरता येण्यासारखे काहीच हाती लागत नाही. दोन आठवड्यांनी एजंट तो वापरतो, गटातील एकदोघे त्याच्यामागे मंडईत हिंडतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत काय करावयाचे, हे त्या फेरीतून ठरते. नेटवर्कची अडचण पहिल्याच पंधरवड्यात कळली, म्हणजे नोंद मोबाइलवर साठवून मागाहून पाठविण्याची तजवीज पायातच करता येते. वर्षअखेरीस कळली असती, तर सारा पायाच उकरावा लागला असता.

या तजविजीतून एक नवे संकट मात्र उभे राहते. साठविलेली नोंद पाठविताना मध्येच नेटवर्क तुटले आणि मोबाइलने ती पुन्हा पाठविली, तर खात्यात दुप्पट रक्कम जमा होईल. तेव्हा गट लेखन करण्यापूर्वीच संस्थेच्या रोखपालास बसवून घेतो आणि एक दाखला ठरवितो: खात्यात 500 रुपये शिल्लक असताना एजंटाने 50 रुपये जमा केल्यास शिल्लक 550 दिसावी; तीच नोंद नेटवर्कच्या गोंधळामुळे दोनदा आली तरी शिल्लक 550 च राहावी; परंतु त्याच दिवशी त्याच खातेदाराने खरोखर आणखी 50 रुपये दिल्यास ती 600 व्हावी. रोखपालास हे तिन्ही दाखले संगणकाची भाषा न शिकता समजतात आणि संगणकास ते यांत्रिक तपासणीच्या रूपाने शिकविता येतात. पुढे कोणीही, केव्हाही, कोणताही बदल केला, की हे दाखले आपोआप तपासले जातात. दोनशे पानी टिपणापेक्षा हा लेखी पुरावा अधिक विश्वासाचा, कारण टिपण जुने झाले तरी गप्प बसते आणि हा दाखला खोटा ठरताच तक्रार करतो.

रूढ गैरसमज

या उदाहरणाच्या प्रकाशात प्रचलित समजुती तपासून पाहिल्या, तर त्यांतील फोलपणा ध्यानी येतो. अ‍ॅजाइलमध्ये योजना नसते ही पहिली समजूत. वस्तुतः येथे योजना अधिक वेळा केली जाते: वर्षाची दिशा ढोबळपणे, पंधरवड्याचे काम तपशिलाने आणि आजचा दिवस सकाळच्या पंधरा मिनिटांत. दूरच्या गोष्टींचा तपशील आधीच ठरविण्याचा अट्टहास तेवढा सोडलेला असतो.

दुसरी समजूत अशी, की ही पद्धत स्वीकारली म्हणजे काम झपाट्याने आणि थोडक्या पैशांत होते. गटाचा लेखनाचा वेग पूर्वीइतकाच राहतो. वाचतात ते कोणी न मागितलेल्या, कोणी न वापरावयाच्या सुविधांवर खर्च होणारे महिने. मुदत जवळ आली म्हणून दहा माणसे वाढविण्याचा उपाय तर येथेही उलटतो; उशिरा चाललेल्या कामावर माणसे वाढविल्यास ते आणखी लांबते, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्येच सांगून ठेवले आहे, कारण नव्यांना शिकविण्यात जुन्यांचे हात अडकतात.

तिसरा गैरसमज कर्मकांडाचा. सकाळची उभ्याने होणारी बैठक, दोन आठवड्यांचा स्प्रिंट, भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या एवढे झाले, की आपण अ‍ॅजाइल झालो असे पुष्कळ कचेऱ्यांस वाटते. ती पंधरा मिनिटांची बैठक गटातील माणसांनी आपापसांत दिवसाची मांडणी करण्यासाठी योजलेली आहे. तीत साहेब मध्यभागी बसून प्रत्येकाकडून कालच्या कामाचा जबाब घेऊ लागला, की ती हजेरी होते आणि माणसे अडचणी सांगण्याऐवजी आपण कसे कामात होतो, हे सांगू लागतात. कामाच्या आकाराचा अंदाज घेण्यासाठी जे ‘पॉइंट’ देतात त्यांचीही तीच गत. श्वेबर आणि सदरलँड यांच्या अधिकृत स्क्रम मार्गदर्शिकेत या पॉइंटांचा उल्लेखही नाही. तरी एका गटाचे पॉइंट दुसऱ्याशी ताडून पाहण्याची आणि त्यावर बढत्या ठरविण्याची प्रथा पडली, की पुढच्या महिन्यात तीन पॉइंटांचे काम पाच पॉइंटांचे होते. आकडे वाढतात, भाजीवालीची चिठ्ठी आहे तेथेच राहते.

चौथा गैरसमज सर्वांत महागात पडणारा. रचनेचा विचार आधी करावयाचा नसतो, ती आपोआप घडत जाते, असे मानून जो गट तुकड्यावर तुकडा रचीत जातो, त्याच्या आठव्या महिन्यात एक साधी सुधारणा चार ठिकाणी मोडतोड करू लागते. कनिंगहॅम यांनी 1992 मध्ये याला कर्जाची उपमा दिली: घाईने केलेली जुळणी हे उचललेले कर्ज असून पुढच्या प्रत्येक बदलावर त्याचे व्याज भरावे लागते. कर्ज काढणे हा गुन्हा नव्हे, वेळेवर न फेडणे घातक आहे. म्हणून वागणूक न बदलता आतील रचना सुधारीत राहण्याचे काम, ज्यास या व्यवसायात रिफॅक्टरिंग म्हणतात, ते दर पंधरवड्याच्या हिशेबात धरावयाचे असते. ‘सवड मिळाली की करू’ या सदरात टाकलेले ते काम कधीच होत नाही. आणि हे काम निर्धास्तपणे करता येते ते वर सांगितलेल्या यांत्रिक दाखल्यांमुळेच. दाखले नसतील, तर चालते ते कोणी हात लावून बिघडवावयास धजत नाही आणि ज्या बदलाच्या सोयीसाठी हा खटाटोप मांडला ती सोयच नाहीशी होते.

पडद्यावरील मांडणीचा, म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने केलेल्या डिझाइनचाही असाच विचार करावा लागतो. ते काम लेखनाच्या एक पाऊल पुढे चालले पाहिजे: कागदावर चार चौकोन काढून एजंटापुढे धरावे आणि ‘रक्कम कोठे लिहाल?’ असे विचारून आपण गप्प बसावे. याकोब निल्सन यांनी 2000 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे पाच माणसांवर केलेल्या चाचणीतही बहुतेक ठळक अडचणी उघड होतात. तेव्हा पन्नास जणांची एक मोठी पाहणी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या, मध्ये दुरुस्ती करीत घेतलेल्या छोट्या चाचण्या अधिक फलदायी. वापरणाऱ्याच्या तक्रारीतून वस्तू घडविण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी ते खपेनात. खपू लागल्यावर शेतकऱ्यांकडून येणाऱ्या तक्रारींवरून त्यांनी नांगरात सुधारणा केल्या आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडीस जो उद्योग उभा राहिला, त्याच्या मुळाशी ही ऐकून घेण्याची वृत्ती होती.

पाचवा आक्षेप असा, की जेथे माणसांच्या जिवाशी गाठ आहे तेथे ही पद्धत कुचकामाची. जीव जोखमीत असेल तेथे मोकळीक नसतेच. तेथे तपासणीचे पुरावे लेखी ठेवावे लागतात आणि तिऱ्हाइताची मंजुरी घ्यावी लागते. परंतु लहान पावलाचे तत्त्व तेथेही लागू पडते. ज्याचे उड्डाण-नियंत्रण संगणकाच्या स्वाधीन आहे, ते तेजस विमान 4 जानेवारी 2001 रोजी बेंगळुरात प्रथम उडाले आणि त्यास अंतिम कार्यक्षमतेचा दाखला मिळाला तो फेब्रुवारी 2019 मध्ये, येलहंक्याच्याच एअरो इंडियात. मधली अठरा वर्षे वेग, उंची आणि वळणांच्या मर्यादा एकेक पायरीने वाढवीत, दर पायरीचा पुरावा तपासून मगच पुढची चढावयाची, असा क्रम होता. हे काम अ‍ॅजाइल पद्धतीचे होते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. उशीर झाल्याबद्दल त्यावर टीकाही झाली. मात्र लहान पाऊल आणि कडक तपासणी यांचे वैर नसते, एवढे त्यावरून दिसते.

गटाची घडी आणि ग्राहकाचे दायित्व

चांगल्या गटाच्या दोनतीन सवयी बाहेरच्यासही ओळखता येतात. ‘झाले’ या शब्दाचा अर्थ त्यांनी आधीच लिहून ठेवलेला असतो: लिहिले, दुसऱ्याने वाचले, दाखले पार पडले, आणि खऱ्या एजंटाच्या मोबाइलवर चालले, म्हणजेच झाले, ‘नव्वद टक्के झाले’ ही स्थिती त्यांच्या वहीत नसते. सामायिक संचातील एखादा दाखला नापास झाला, की नवे लेखन थांबवून प्रथम तो दुरुस्त केला जातो. बेंगळूरनजीक बिडदी येथील टोयोटा-किर्लोस्करच्या कारखान्यात ज्या उत्पादनपद्धतीने मोटारी बनतात, तीत दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढून ओळ थांबवावी असा नियम आहे. अ‍ॅजाइलच्या जडणघडणीवर या जपानी विचाराची छाप आहे, आणि दोष पुढे ढकलू नये हे त्यातील मर्म होय. तिसरी सवय मागे वळून पाहण्याची. दर पंधरवड्याच्या अखेरीस गट बसतो, कोठे अडलो याचा विचार करतो आणि पुढच्या खेपेस एकच सुधारणा नेमाने करावयाचे ठरवितो. या बैठकीत दोष माणसावर न लादता कामाच्या रीतीत शोधला गेला, तरच माणसे खरे बोलतात.

बदलाची मुभा केव्हाही आणि कितीही, असा ग्राहकाचाही एक गैरसमज असतो. चालू पंधरवड्याचे उद्दिष्ट ठरल्यावर त्यात ऐनवेळी नवी मागणी घुसडणे म्हणजे हातातले काम अर्धे टाकावयास लावणे होय. नवी मागणी यादीत जरूर यावी, पण ती वर चढली की दुसरे काहीतरी खाली उतरते, हे संचालक मंडळाने कबूल केले पाहिजे. कोणते खाली उतरावयाचे हे ठरविणारा एकच माणूस संस्थेकडून नेमलेला असावा, त्यास निर्णयाचा अधिकार असावा आणि आठवड्यातील काही तास त्याने या कामासाठी मोकळे ठेवावे. पाच संचालक पाच मते कळवीत असतील आणि अधिकृत उत्तर पुढच्या मासिक सभेत मिळणार असेल, तर येलहंक्यातील गट कितीही निष्णात असला तरी पंधरवडे वाया जातात.

करारनाम्याचाही या दृष्टीने फेरविचार व्हावयास हवा. सर्व सुविधा, सर्व मुदती आणि सर्व रक्कम पहिल्याच दिवशी कलमबद्ध करून वर अ‍ॅजाइलची अपेक्षा धरणे हा विरोधाभास आहे. त्याऐवजी खर्चाची मर्यादा आणि कालावधी पक्का ठेवून आतील सुविधांचा क्रम बदलण्याची मुभा ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी काम पाहून ते पुढे चालवावयाचे की थांबवावयाचे, हा हक्क संस्थेने राखून ठेवावा. तीन महिन्यांत वापरण्याजोगे काही हाती आले नसेल तर थांबण्यात थोडकेच नुकसान आहे आणि आले असेल तर पुढील हप्ता देण्यास कोणाची भीड धरावी लागत नाही.

म्हणून एखादा गट ‘आम्ही अ‍ॅजाइल आहोत’ असे सांगू लागला, तर त्यास भिंतीवरच्या चिठ्ठ्यांविषयी विचारू नये. गेल्या महिन्यात तुमचे काम खऱ्या माणसाने केव्हा वापरले, ते पाहून तुम्ही आपला कोणता बेत रद्द केला, आणि आज एक ओळ बदलली तर बाकीचे शाबूत आहे हे तुम्हांस किती वेळात कळते, एवढे तीन प्रश्न विचारावे. पहिल्याचे उत्तर तारखेत, दुसऱ्याचे उदाहरणात आणि तिसऱ्याचे मिनिटांत मिळाले, तर त्या गटास काम सोपविण्यास हरकत नाही. आणि असेच प्रश्न गटाने उलट आपल्यास विचारले, तर आपल्या बाजूचा जबाबदार माणूस कोण आणि तो मंडईत शेवटचा केव्हा गेला होता, याचे उत्तर संस्थेनेही तयार ठेवावे.